मुद्रिकांचे प्रदर्शन आणि घडविणाराचे नाव

अलंकारांच्या कुळात अंगठी ही सर्वांत धाकटी होय. हाराचा विस्तार, नथीचा डौल किंवा तोड्यांचा भार यांपैकी तिला काहीच लाभलेले नाही. परंतु एका बाबतीत ती आपल्या थोरल्या बहिणींहून निराळी आहे आणि तिकडे रसिकांचे लक्ष क्वचितच जाते. नथ, कुडी, बुगडी, ठुशी, चिंचपेटी हे अलंकार ज्याच्या अंगावर असतात त्यास स्वतःस ते दिसत नाहीत. आरशाची मध्यस्थी तेथे घ्यावी लागते. अंगठी मात्र लिहिताना, वाढताना, मुलाच्या डोक्यावरून हात फिरविताना धारण करणाराच्या दृष्टीसमोर असते. बांगडीसही हा मान काही अंशी आहे. पण बांगडी बोलते अधिक आणि दिसते कमी. म्हणून दुसऱ्यास दाखविण्याइतकाच स्वतः पाहण्याचा असा जर कोणता अलंकार असेल तर तो अंगठी हाच, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

संस्कृत नाटककारांनी अंगठीचे हे वैशिष्ट्य चांगले ओळखले होते. शाकुंतलातील अंगठी तर किर्लोस्करांच्या १८८० च्या संगीत नाटकापासून मराठी प्रेक्षकांच्या घरची झाली आहे. महाभारतातील शकुंतलेच्या आख्यानात अंगठी नाही. तेथे राजा जाणूनबुजून नाकारतो. कालिदासाने शापाबरोबर अंगठी आणली आणि राजाच्या स्मृतीस एका बोटभर सोन्याच्या स्वाधीन केले. मुद्राराक्षसात लहान मुलास दारातून आत ओढून घेताना राक्षसाच्या पत्नीच्या बोटातून अंगठी निसटते, ती चाणक्याच्या हेराच्या पायाशी येऊन पडते आणि त्या एका निसटण्याने अमात्य राक्षसाच्या सर्व राजकारणाचा डाव फिरतो. ही दोन्ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते तिसरे, मालविकाग्निमित्राच्या आरंभीचे. राणी धारिणीची नागमुद्रेची अंगठी कारागिराकडून घेऊन एक दासी येत आहे. अंगठी न्याहाळण्यात ती इतकी गढून गेली आहे की समोरून येणारी मैत्रीण तिला दिसत नाही. पुढे चौथ्या अंकात हीच अंगठी विदूषकाच्या युक्तीने मालविकेची सुटका करते, म्हणून तिची ओळख आधी करून देणे कवीस आवश्यक होते हे खरे. तथापि ती ओळख त्याने एका साध्या दासीच्या रसिकतेतून करून द्यावी, ह्यात कालिदासाचे कालिदासपण आहे. हाताने घडविलेली अंगठी पाहताना देहभान हरपलेली ही कौमुदिका म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणे मुद्रिका-प्रदर्शनाची आद्य प्रेक्षक होय.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाकुंतलातील अंगठीवर नाव आहे ते दुष्यंताचे. मुद्राराक्षसातील अंगठीवर राक्षसाचे. नागमुद्रेची अंगठी राणीची म्हणून ओळखली जाते. ज्याच्याकडून ती दासी अंगठी घेऊन आली तो कारागीर नाटकात केवळ ‘शिल्पी’ ह्या सामान्य नामाने येतो आणि त्याच वाक्यात निघून जातो. अंगठीवर नावाची जागा असते, पण ते नाव धारण करणाराचे; घडविणाराचे नव्हे. हा संकेत फार जुना आहे, आणि जुन्नर येथे भरलेले हस्तघडित मुद्रिकांचे प्रदर्शन पाहून आल्यापासून तो आमच्या मनास टोचत राहिला आहे. त्या प्रदर्शनाचा परामर्श घेण्याच्या निमित्ताने ह्या प्रश्नाचाही थोडा विचार करावा असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

असल्या प्रदर्शनास पुणे-मुंबई सोडून जुन्नर कशाला, असा प्रश्न काही मित्रांनी केला. त्यांस उत्तर असे की, कारागिरांचा मान दगडावर लिहिलेला पाहावयाचा असेल तर महाराष्ट्रात जुन्नरइतके योग्य गाव विरळा. कुकडीच्या खोऱ्यातील ह्या नगरास सातवाहनांच्या काळी नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याचा व्यापार येत असे, आणि भोवतालच्या लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा ह्या डोंगरांत त्या काळच्या उदार माणसांनी लेणी व पाण्याची टाकी कोरविली. त्यांवरील लेख वाचीत गेले असता राजे-महाराजे थोडे आणि कामकरी-व्यापारी पुष्कळ आढळतात. धान्य विकणारांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके दिले आहे. बांबूकाम करणारांच्या व कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेव ठेवल्याची नोंद आहे. यवन म्हणविणाऱ्या परकीयांचीही दाने आहेत. आणि ह्याच मालिकेत एका टाक्यावर कल्याणच्या एका सोनाराचे नाव आहे : संघक. बापाचे नाव, गावाचे नाव आणि मध्ये धंद्याचे नाव, ‘सुवर्णकार’. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ह्या मनुष्याने किती अंगठ्या घडविल्या असतील कोण जाणे! त्या सर्व केव्हाच आटल्या; त्याचे नाव राहिले ते वाटसरूस पाणी पाजणाऱ्या टाक्यामुळे.

प्रदर्शनाची मांडणी दोन दालनांत होती. पहिल्यात जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांतील घराघरांतून मागून आणलेले जुने जिन्नस : अंगठ्या, छल्ले, पायांच्या बोटांतील जोडवी, विरोद्या, मासोळ्या, तांब्याची वळी, शिक्क्याच्या अंगठ्या. दुसऱ्यात कलाशाळांतून शिकून आलेल्या तरुण मंडळींनी आपल्या कल्पनेने व आपल्या हातांनी घडविलेल्या अंगठ्या. ह्या दुसऱ्या दालनावरच ‘कला’ हा शब्द लिहिलेला होता. पहिल्यावर ‘परंपरा’ असे लिहिले होते. ह्या दोन पाट्यांविषयी पुढे बोलू. तूर्त जिन्नसांकडे वळू.

अंगठीच्या परीक्षणास आम्ही एकच कसोटी लावतो आणि ती हाताची. चित्र भिंतीवर असते, मूर्ती बैठकीवर असते. त्यांस स्वतःचा अवकाश आहे. अंगठीचा अवकाश म्हणजे बोटाच्या पेराची उंची, शेजारच्या दोन बोटांमधील फट आणि मिटलेल्या मुठीतील जागा. इतक्या संकोचात जे साधेल ते तिचे सौंदर्य. ह्या मर्यादेबाहेर गेलेली वस्तू सुंदर असू शकेल, पण ती अंगठी राहत नाही. तिला लहान आकाराचे शिल्प म्हणावे आणि शिल्पाच्या नियमांनी मापावे.

दुसऱ्या दालनातील सर्वांत मोठी अंगठी ह्याच कारणाने आमच्या मनात उतरली नाही. तीन बोटांवर बसणारी ही चांदीची अंगठी नाणेघाटाच्या परिसरातील डोंगररांगेचा आकार घेऊन घडविली होती. जीवधनचा माथा, वानरलिंगीचा सुळका, मध्ये घाटाची खिंड, सारे ओळखू येत होते. कल्पना उत्तम, धातूवरील अधिकारही निर्विवाद. परंतु ती घातल्यावर मूठ मिटत नाही, पाण्याचा पेला धरता येत नाही, दुसऱ्याचा हात हातात घेता येत नाही. हात जेथे निकामी होतो तेथे हाताचा अलंकार यशस्वी झाला असे कसे म्हणावे? घडविणाराने हाच डोंगर एका बोटाच्या रुंदीत आणला असता तर त्यास बरेच काही सोडावे लागले असते, आणि काय सोडावे ह्याचा निर्णय करण्यातच त्याच्या प्रतिभेची खरी परीक्षा झाली असती.

खड्यांच्या अंगठ्यांविषयी आमचे मत संमिश्र आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या रूपाने ओतला गेला, आणि त्यातील पोकळ्यांत पुढे नाना प्रकारचे स्फटिक वाढले. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांस ह्या संपत्तीची कल्पना असेल. हिरे-माणकांच्या मागे न लागता आपल्याच डोंगरातील दगड बोटावर आणावा, हा विचार स्तुत्य होय. परंतु दगड निवडताना केवळ रंग पाहून भागत नाही. मोझ नामक जर्मन पंडिताने १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची जी दहा पायऱ्यांची मोजणी बसविली, तीत गारगोटीचा क्रमांक सातवा आहे. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत गारेचे कण असतातच. म्हणून सातांहून मऊ असलेला खडा रोजच्या वापरात ओरखडतो व मंद होतो. ह्या प्रदर्शनातील हिरवट ॲपोफिलाइटची अंगठी पाहणाराचे डोळे ओढून घेत होती; परंतु तो स्फटिक पाचाच्या आसपासचा, शिवाय एका दिशेने सहज चिरणारा. गुलाबीसर स्टिल्बाइट त्याहूनही मऊ. हे दगड काचेच्या पेटीतच शोभावे. उलट, ह्याच डोंगरातील अकीक जवळजवळ गारेइतकाच कठीण. त्याच्या राखी-पांढऱ्या पट्ट्यांची एक अंगठी कोपऱ्यात होती, तिच्यापुढे प्रेक्षक थांबत नव्हते. आम्ही थांबलो. पट्ट्यांची वळणे ज्या दिशेने जात होती त्याच दिशेने चांदीचे कोंदण वळविलेले होते. खडा धातूत बसविला आहे असे न वाटता धातूच खड्याभोवती गोठला आहे असे वाटत होते. आपल्या भाषेत सुखाच्या जागेस कोंदणाची उपमा का देतात, हे अशा अंगठीकडे पाहून समजते.

परंतु ह्या दालनातील सर्वोत्तम कृती आमच्या मते खड्याविना होती. रुंद चांदीची एक पट्टी, ऐरणीवर ठोकून वाकविलेली. हातोडीचे ठसे पुसलेले नाहीत. पट्टीची दोन टोके जेथे मिळाली तेथील डाग तळव्याच्या बाजूस न दडविता वर, सर्वांस दिसेल असा ठेवलेला. सामान्यतः सोनार ज्या सांध्यास लपविण्यासाठी सर्व कौशल्य वेचतो, तोच येथे अलंकरण झाला आहे. पाहणारास धातूची सारी हकीकत क्षणात कळते : ही पट्टी सरळ होती, तापली, वाकली, मिळाली. कानशीने गुळगुळीत केलेल्या शंभर अंगठ्यांत हे सांगणे नसते.

येथे ‘हस्तघडित’ ह्या शब्दाचा थोडा विचार प्राप्त होतो. इंग्लंडात रस्किनने १८५३ मध्ये गॉथिक शिल्पाविषयी लिहिताना असे प्रतिपादिले की, कामगाराच्या हाताचे स्वातंत्र्य हवे असेल तर त्याच्या कामातील ओबडधोबडपणाही पत्करला पाहिजे. घोटीव निर्दोषपणाचा आग्रह माणसास यंत्र करून सोडतो. ह्या विचारातून पुढे मॉरिस आला, ॲशबी आला. परंतु गुरूचा विचार शिष्यांच्या हाती नेहमीच सुरक्षित राहत नाही. ओबडधोबडपणा हे स्वातंत्र्याचे लक्षण ठरताच तो मुद्दाम उत्पन्न करण्याची युक्ती निघाली. आज साच्यात ओतलेल्या अंगठीवरही हातोडीचे ठसे ओतून मिळतात. ह्या प्रदर्शनातही एक-दोन कृतींविषयी आम्हांस तसा संशय आला. ठसे इतके सारखे व समान अंतरावर होते की, ठोकणाराचा हात एकदाही थकलेला दिसला नाही. तात्पर्य, हाताचे काम म्हणजे चुकलेले काम नव्हे. पहिल्या दालनातील जुन्या मासोळ्या पाहाव्या : खवल्यांची प्रत्येक रेघ सरळ, रव्यांची प्रत्येक ओळ मोजून घेतल्यासारखी. मुशीत चांदी वितळवून, जंतरातून तार ओढून, टाकणखाराच्या साहाय्याने फुंकणीच्या ज्योतीवर कण कण जोडून हा नेमकेपणा ज्याने साधला त्याचा हात स्वतंत्र नव्हता असे रस्किनही म्हणाला नसता. त्याचे स्वातंत्र्य चुकण्यात नव्हते. कोठे थांबावे हे ठरविण्यात होते.

पहिल्या दालनाकडे बहुतेक प्रेक्षक जुन्या वस्तूंचे कौतुक ह्या भावनेने पाहत होते. आम्हांस मात्र हाताच्या कसोटीवर हेच दालन अधिक उतरलेले दिसले. जोडव्याचे उदाहरण घ्या. जोडव्याचे वळे बहुधा पूर्ण मिटलेले नसते. तळाशी दोन टोके मोकळी ठेवतात. शेतात उभ्याने काम करणारीचा पाय दिवसभरात सुजतो, पावसाळ्यात चिखलाने फुगतो. तेव्हा वळे थोडे उघडता यावे, पुन्हा दाबता यावे, ही सोय त्या फटीत आहे. वर जमिनीपासून दूर असलेल्या भागावर सारी नक्षी, खाली जेथे माती लागावयाची तेथे साधी तार. भीमाशंकराच्या बाजूच्या डोंगरगावांतून आलेल्या एका जोडीवर नक्षीचा भाग जवळजवळ झिजून गेला होता आणि तरीही तिचा घाट शाबूत होता. वापराने ज्याचे सौंदर्य झिजते पण मोडत नाही, ती घडण खरी.

तसेच लोखंडाची एक अंगठी होती. शनीच्या पीडेवर उपाय म्हणून घोड्याच्या नालेची अंगठी घालण्याची चाल आपल्याकडे आहे. तिच्यात श्रद्धा ठेवावी की न ठेवावी हा प्रश्न वेगळा. परंतु गावच्या लोहाराने जाड लोखंड तापवून बोटाच्या मापात आणताना दोन टोके ज्या सफाईने एकमेकांवर चढविली होती, ती दुसऱ्या दालनातील कोणाही तरुणाने अभ्यासावी. आणि शिक्क्याच्या अंगठ्या! कागदावर नाव सुलटे उमटावे म्हणून धातूत ते उलटे कोरावे लागते. कोण्या देशमुखाचे वा पाटलाचे नाव तीळभर जागेत, उलट्या मोडी वळणात, एकही काना न चुकता कोरणारा मनुष्य केवढा अक्षरज्ञ असेल! त्याने जन्मभर दुसऱ्यांची नावे कोरली.

आता त्या पाट्यांकडे वळू. दुसऱ्या दालनात प्रत्येक अंगठीपाशी एक छापील कार्ड होते. त्यावर कृतीचे शीर्षक, कलावंताचे संपूर्ण नाव, शिक्षण, धातू आणि किंमत. पहिल्या दालनातही कार्डे होती. त्यांवर जिन्नसाचे नाव, गाव, वजन आणि ‘पारंपरिक’ हा एक शब्द. त्यांतील काही जिन्नस फार जुने नव्हते. ज्या घरांनी ते दिले त्या घरांत ते कोणाकडून घडविले हे सांगणारी माणसे हयात होती. त्यांपैकी दोघींशी तेथेच आमचे बोलणे झाले आणि दोघींनीही आपापल्या सोनाराचे नाव, त्याची पेठ, त्याच्या दुकानासमोरील झाड येथपर्यंत सांगितले. ज्यांनी कार्डे लिहिली त्यांनी फक्त विचारले नव्हते. एका दालनात नाव आहे म्हणून ती कला, आणि दुसऱ्यात नाव नाही म्हणून ती परंपरा, अशी ही विभागणी झाली आहे. गुणांवरून ती झालेली नाही. ह्याच कारणास्तव आम्ही प्रस्तुत लेखात एकाही कलावंताचे नाव घेतलेले नाही. तरुण मंडळींनी ह्याबद्दल राग मानू नये. एकाच प्रदर्शनातील निम्म्या हातांस नाव देणे आणि निम्म्यांस न देणे आमच्या लेखणीस जड गेले, इतकेच.

ह्यावर एक आक्षेप विद्वान मंडळी घेतात, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ते म्हणतात, नावाचा हव्यास ही पाश्चात्त्यांची कल्पना. भारतीय कारागीर निनावी राहण्यातच धन्यता मानीत असे. त्याची कला ही त्याच्या व्यक्तित्वाची नव्हे, परंपरेची. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ मध्ये भारतीय कारागिरावर जो छोटा ग्रंथ लिहिला त्यात श्रेणी, ग्रामव्यवस्था व कुलपरंपरा यांचे मोठे मार्मिक विवेचन आहे, आणि त्याला प्रस्तावना लिहिली होती ती ॲशबी यांनी. ॲशबींनी १८८८ मध्ये लंडनमध्ये हस्तकारागिरांची एक मंडळी स्थापिली, १९०२ मध्ये ती चिपिंग कॅम्डेन ह्या खेडेगावी नेली आणि थोड्याच वर्षांत ती आर्थिक अडचणीने मोडली. तेथल्या दागिन्यांवरही मंडळीची मुद्रा असे, कारागिराची नसे. म्हणजे सामुदायिकतेचा आदर्श केवळ आपलाच नव्हे.

हा आदर्श आम्हांस मान्य आहे. परंतु सामुदायिकता आणि निनावीपणा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. श्रेणीचे नाव असणे म्हणजे नाव नसणे नव्हे. आणि कारागिरास नाव नको होते हे आपण कशावरून म्हणतो? जुन्नरच्या डोंगरातील तो सोनार पुन्हा आठवावा. त्याने टाके दिले आणि त्यावर आपले नाव कोरविले. कोणी म्हणेल, ते दात्याचे नाव आहे, कारागिराचे नव्हे. टाके खोदणारा पाथरवट तेथेही निनावीच राहिला. हे बरोबर आहे. परंतु संघकाने दाता म्हणून नाव देताना नुसते नाव दिले नाही. आपण सोनार आहो हेही लिहिले. आपल्या धंद्याची त्याला लाज नव्हती, आणि आपले नाव पुसले जावे अशी त्याची इच्छाही नव्हती. संधी मिळताच त्याने दोन्ही दगडावर घातली. अंगठीवर ती संधी त्यास मिळाली नाही, कारण तेथे जागा गिऱ्हाइकाची होती. निनावीपणा हा त्याचा स्वभाव नव्हता. ती गिऱ्हाइकाची सोय होती.

ही सोय आजही चालू आहे, आणि तिचे मूळ आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या हिशेबात आहे. आपण सोने घेतो ते वजनावर. घडणावळ हा आपल्या दृष्टीने नाइलाजाचा खर्च. मोडताना तो परत मिळत नाही म्हणून तो शक्य तितका कमी असावा असा आपला आग्रह. शाकुंतलातील कोळ्यासही राजाने बक्षीस दिले ते अंगठीच्या मोलाइतके. घडणीचे मोल त्यात धरले होते की नाही हे कालिदास सांगत नाही. मुलीच्या लग्नात आजीची अंगठी आटवून नवी करणे हे आपण काटकसरीचे लक्षण समजतो. जुन्या चित्राचा कागद रद्दीत घालून नवे चित्र आणणारास आपण रानटी म्हणू. जुनी घडण मुशीत घालताना आपणांस तसे काही वाटत नाही.

सरकारी कायद्यांनीही सोन्याचाच विचार केला, सोनाराचा नव्हे. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. काही वर्षांनी ती अट सैल झाली, १९६८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि १९९० मध्ये तो रद्दही झाला. परंतु मधल्या काळात कित्येक सोनारांनी ऐरण उचलून ठेवली, त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली. जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेचा छाप टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. गिऱ्हाइकाची फसवणूक टळावी म्हणून तो आवश्यकच होता. आता अंगठीच्या आतल्या बाजूस मानक संस्थेचे चिन्ह, कसाचा आकडा (बावीस कॅरट असेल तर ९१६) आणि सहा अक्षर-अंकांची एक खूण असते. ही नवी खूण येण्यापूर्वी तेथे निदान विकणाऱ्या पेढीचे चिन्ह असे. आता तेही त्या खुणेत सामावले. इंग्लंडात १३०० मध्ये कसाचा छाप सुरू झाला आणि १३६३ मध्ये त्याच्या जोडीला करणाराचे चिन्हही आवश्यक ठरले. आपण पहिली गोष्ट केली. दुसरीचा विचारही आपल्या मनास शिवला नाही. तोळाभर सोन्याच्या आतील भागात चिन्ह, आकडा व खूण मावते; मग एका अक्षरास तेथे जागा नाही असे म्हणता येणार नाही.

नाव राहण्यात असे काय मोठे आहे, असेही कोणी विचारील. आंबेगाव तालुक्यात ह्याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले; तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे; तरी तालुका आजही आंबेगावच म्हणविला जातो. वस्तू बुडाली तरी नावाच्या आधाराने माणसे तिची आठवण धरून राहतात. नाणेघाटाच्या लेण्यातही सातवाहन राजकुलाच्या मूर्ती नष्ट होऊन पायांचे अवशेष तेवढे उरले, परंतु वर कोरलेल्या नावांमुळे नागनिका आणि सातकर्णी इतिहासात राहिले. अंगठ्यांच्या बाबतीत नेमके उलट झाले आहे. घडण आहे, आणि नाव नसल्यामुळे ती घडण कोणत्या हाताची, तो हात कोणाकडून शिकला, त्याने पुढे कोणास शिकविले, ह्याचा मागमूस लागत नाही. ज्या कलेस आपल्या मागील पिढीतील चांगला कारागीर कोण हेच सांगता येत नाही, तीत टीका उत्पन्न होत नाही. आणि टीकेवाचून कलेस लागणारी जाणती मागणी उत्पन्न होत नाही. मराठी कवितेविषयी आपण वर्षानुवर्षे वाद घालू शकतो, कारण कविता कोणाची हे आपणांस ठाऊक असते. जोडव्यांविषयी वाद का होत नाही? जोडवी निकृष्ट आहेत म्हणून नव्हे.

प्रदर्शन भरविणारांचे श्रम मोठे आहेत आणि हेतू निर्मळ आहे, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. तालुक्याच्या गावी अशा वस्तू काचेखाली मांडाव्या, शाळेतील मुलांना रांगेने आणून दाखवाव्या, शेतावरून आलेल्या बायकांनी ‘हे तर आमच्या सासूबाईंचे’ म्हणून एखाद्या पेटीपाशी थबकावे, हा देखावाच पुष्कळ समाधान देणारा होता. त्या समाधानाच्या पोटीच पुढील सूचना करीत आहो. पुढील खेपेस दोन दालने असू नयेत. जुनी जोडवी आणि नवी पट्टीची अंगठी शेजारी शेजारी ठेवावी, म्हणजे कोण कोणाकडून काय शिकले ते प्रेक्षकास दिसेल. जिन्नस देणाऱ्या घरास ‘हे कोणी घडविले?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा आणि मिळेल ते उत्तर कार्डावर लिहावे. नाव न मिळाल्यास गावची पेठ, तेही न मिळाल्यास ‘घडविणाराचे नाव मिळाले नाही’ असे स्पष्ट लिहावे. ‘पारंपरिक’ हा शब्द त्या जागी घालू नये. तो माहिती देत नाही, माहितीचा अभाव झाकतो. आणि दिवसातून एकदोनदा तरी पेट्या उघडून, देखरेखीखाली का होईना, अंगठ्या लोकांच्या बोटांत घालू द्याव्या. काचेखालच्या अंगठीविषयी आम्ही वर जे काही लिहिले आहे त्यातील निम्मे एरवी आम्हांस कळलेच नसते. सुदैवाने व्यवस्थापकांनी आमच्या वयाकडे पाहून ती सवलत आम्हांस दिली होती.

वाचकांसाठी एकच विनंती. पुढच्या वेळी घरात कोणासाठी अंगठी करावयाची असेल तेव्हा वजन, कस आणि घडणावळ विचारून झाल्यावर ती कोण घडविणार आहे हेही विचारावे, आणि त्या माणसाचे नाव पावतीच्या मागे लिहून ठेवावे. त्यास काही खर्च येत नाही.